पाणी कुणी भरलं?

बॅरलचं झाकण उचललं आणि हात तसाच राहिला. बॅरल काठोकाठ भरलेलं होतं.

रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतील. पुण्याहून सहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आम्ही दोघं नुकतेच घरी पोचलो होतो. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी म्हणून तीन दिवसांच्या बोलीनं गेलो ते आठ दिवस अडकलो, आणि परतीच्या वाटेवर बायकोच्या तोंडी एकच विषय. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेलं, मे महिन्यातला वारा खिडकीतून भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येत होता आणि ही बोटं मोजत होती. आपण निघालो त्याच्या आदल्या रात्री नळ आला होता, म्हणजे मधला एक वार चुकला, आता पुढचा परवा. परवापर्यंत करायचं काय? भांडी कशात घासायची? सोलापूरकराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तिकडे उजनी ११७ टीएमसीची, तिथून शंभरेक किलोमीटरवर आपण, आणि आपल्या अंगणातला नळ चौथ्या-पाचव्या दिवशी खाकरणार, तेही रात्री अपरात्री, तास-दीड तास. लग्नाच्या तारखा, पाहुण्यांचं येणं, चादरी धुणं, सगळं त्या वारावर बेतायचं. निघायच्या आदल्या रात्री आवराआवरीत बॅरलं भरायचीच राहिली, निघताना तळाला चार बोटं पाणी होतं, ते आम्हाला पक्कं आठवत होतं.

दोनशे लिटरची चार निळी बॅरलं. चारही भरलेली.

मी मोबाइलची बॅटरी लावून एकेक बघत गेलो. पाण्याला अजून औषधाचा वास होता, म्हणजे फार जुनं नव्हे. मग लक्षात आलं की तळाशी गाळ नाही. माझ्या आळसानं साठलेला, बोट फिरवलं की हिरवा धागा सुटावा तसला शेवाळी थर बॅरलांच्या आतल्या अंगाला होता. तो घासून काढलेला होता. घासायचं म्हणजे आधी ते चार बोटं जुनं पाणी उपसलं पाहिजे. ते कुठं गेलं? वृंदावनाकडे बॅटरी फिरवली. तुळस, जिचं मी गाडीतच तेरावं घातलं होतं, ती तरतरीत उभी होती आणि खालची माती काळी, ओली. झाकणं नीट बसवून त्यांवर एकेक दगड ठेवलेला, कारण आमच्या गल्लीतल्या मांजरांना झाकणावर झोपायची खोड आहे. रबरी पाइप गुंडाळून खुंटीला टांगलेला. बायको पायरीवर बसली. म्हणाली, "कोण आलं होतं गं बाई?" आणि मग, का कोण जाणे, तिनं पदर डोळ्यांना लावला. आठ दिवस दवाखान्यात ती एकदाही रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला निघालो. भद्रावती पेठेच्या अलीकडची आमची गल्ली, पंचवीस-तीस घरांची. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची, घरं जास्त, चार लिंगायत, तीन मराठे, दोन मुसलमान, आणि आम्ही. नळ आला की गल्ली तीन भाषांत जागी होते. कुणी "पाणी आलं" म्हणून दार वाजवतं, कुणी "नीळ्ळु वच्चिनय" म्हणून ओरडतं, कोपऱ्यावरची आजी "नीर बंदाव" म्हणत सुनेला उठवते. त्या तास-दीड तासात कुणालाच कुणाशी बोलायला वेळ नसतो. आधी गढूळ येतं, मग स्वच्छ, मग धार बारीक होते आणि शेवटी नळातून नुसती हवा फुसफुसते. आमची चार बॅरलं भरायला, माझ्या अनुभवानं, पाऊण तास लागतो. म्हणजे ज्यानं कुणी ती भरली त्यानं आपल्या दीड तासातला पाऊण तास आमच्या अंगणात घालवला. घासण्याचा वेळ वेगळाच. एवढी मोठी रक्कम, आणि नाव नाही.

समोरच्या अक्काच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही नाही हो काका, त्या रात्री आम्हालाच जाग आली नाही. अर्धंच मिळालं." पलीकडचे तात्या ओट्यावर भाकरीचा तुकडा चहात बुडवत बसले होते. "मी? माझी कंबर बघितलास का बे?" मी पन्नाशी ओलांडली तरी तात्यांना मी 'बे'च आहे. सोलापुरात 'बे' म्हणणारा माणूस शिवी देत नसतो, जवळ बसवून घेत असतो, हे बाहेरच्यांना कळायला वेळ लागतो. चावी सोडायला येणारा पोरगा सायकल थांबवून हसला, "मी पाणी सोडतो सर, भरत नाही." अशी सगळी गल्ली झाली. कुणालाच माहीत नव्हतं, किंवा कुणीच सांगत नव्हतं. एक घर तेवढं मी विचारलं नाही. शेजारचं. त्यांच्याशी आमचं दोन वर्षं बोलणं नाही. त्यांनी ओटा उंच केला, उतार आमच्याकडे आला, पहिल्याच पावसात त्यांच्या अंगणातलं पाणी आमच्या उंबऱ्याशी. मग मी बोललो, ते बोलले, मग दोघांच्या बायका बोलल्या. पाण्यासाठी भांडणाऱ्या शहरात आम्ही जास्तीच्या पाण्यावरून भांडलो. तेव्हापासून मधल्या चार फुटी भिंतीवरून आम्ही एकमेकांच्या डोक्यावरचं आभाळ बघतो.

आता खरं म्हणजे विषय संपायला हवा होता. पाणी मिळालं, आंघोळ झाली. पण माझं पोट दुखायला लागलं. अठ्ठावीस वर्षं मी एका पतसंस्थेत कॅशिअर होतो. कॅश टॅली झाल्याशिवाय शटर खाली येत नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली. कमी भरली तर खिशातून घालायची, ते दुःख एकवेळ पचतं. पण जास्त भरली की जास्त त्रास. कुणाचे तरी पन्नास रुपये आपल्याकडे आलेत आणि कुणाचे ते कळत नाही. असे पैसे सस्पेन्सला, म्हणजे बेवारस रकमांच्या खात्याला, टाकायचे आणि वाट बघायची, कुणीतरी काउंटरवर येऊन म्हणेल, साहेब, काल माझं चुकलं. ती बॅरलं माझ्या डोक्यात सस्पेन्सला पडली होती. निदान कळू तरी दे, म्हणजे मी हुरड्याला बोलावीन, दिवाळीला फराळाचं ताट पाठवीन, फिटंफाट करीन. हे लिहिताना जाणवतंय की मला कृतज्ञ व्हायचं नव्हतं, मोकळं व्हायचं होतं.

चांगलं कसं करायचं असतं याचा माझा स्वतःचा अनुभव असा. एकदा मंगळवेढ्याकडचे एक म्हातारे शेतकरी ज्वारीचे पैसे भरायला आले आणि त्यांच्या बंडलात पाचशेची एक नोट जास्त निघाली. ते गेले होते. मी धावत जाऊन बसस्टँडवर त्यांना गाठलं आणि नोट दिली. झालं एवढंच. पण ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी चालत गेलो होतो. मग धावत. मग बस सुटत होती आणि मी चाकापुढे उभा राहिलो. मघाशी वर 'धावत' लिहिलं तेही, खरं सांगायचं तर, खरं नाही; रिक्षानं गेलो होतो. बायको आता मी ही गोष्ट सुरू केली की पाहुण्यांसमोर बोटांवर मोजते, कितवी वेळ ते. पाचशे रुपये परत केले, आणि त्यावर आजतागायत व्याज खातोय.

या शहराला मोठं काम करणाऱ्यांची नावं जपायची चांगली सवय आहे. आम्ही ज्या गाडीनं आलो तिलाच चार हुतात्म्यांचं नाव. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले ते चौघं, आणि त्यांच्या नावाची गाडी रोज पुणे-सोलापूर ये-जा करते. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक. ते व्हायच्या कितीतरी आधी शाळेतून आम्हाला रांगेनं त्यांच्या घराशी नेलं होतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले ते एक. चौघे परत आले, हे राहिले आणि १९४२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. गुरुजी हे सांगत असताना माझं लक्ष मात्र त्या घराच्या पायरीवर होतं. उन्हानं तापलेल्या त्या फरशीवर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतून ठेवलं होतं, चपला काढून आत जाणाऱ्या पोरांचे पाय पोळू नयेत म्हणून. कोण होतं ते? मला आठवत नाही. पायाच्या तळव्यांना तो गारवा मात्र चाळीस वर्षांनंतरही आठवतो. १९३० सालच्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला तेव्हाही कुणाकुणाच्या मागच्या दारानं कुणाकुणाला भाकरी पोचली असेलच की. तापलेल्या दिवसांत, बंद गल्ल्यांमधून. त्याची नोंद कोण ठेवणार?

तळ्याचंच घ्या. सिद्धेश्वराचं तळं सिद्धरामेश्वरांनी खणलं असं आपण म्हणतो. संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आताच्या सोलापूरला, आले तेव्हा त्यांनी "तो वड्ड कुठाय?" असं मुद्दाम हिणवून विचारलं आणि भक्तांनी चिडून त्यांच्यावर दगड उचलले, ही कथा लिंगायत घरांतून सगळ्यांना ठाऊक आहे. वड्ड म्हणजे माती खणणारा. मला त्या कथेत कायम गंमत वाटत आली आहे ती दगड उचलणाऱ्यांची. आपल्या गुरूला माती खणणारा म्हटलं म्हणून ते चिडले, आणि बाराव्या शतकातल्या त्याच उन्हात त्यांच्यातलेच कितीतरी जण डोक्यावर पाट्या वाहत असणार. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या सात काठ्या निघतात. सगळ्यांच्या माना वर, काठी डुलली की काळजाचा ठोका चुकतो. मी एका वर्षी खाली बघत होतो, कारण माझा मुलगा खांद्यावर होता आणि मला पुढचं पाऊल दिसत नव्हतं. काठी पेलणाऱ्याच्या बऱ्याच पुढं, पांढऱ्या बाराबंदीतला एक म्हातारा वाकून वाकून चालला होता. रांगोळीवरून, रांगोळी न मोडता, रस्त्यावरचा एकेक खडा उचलायचा आणि कमरेला खोचलेल्या पिशवीत टाकायचा. मागून येणारे अनवाणी. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि त्यालाही वर काठीकडे बघायला सवड नव्हती.

उलटही दिसतं. उन्हाळ्यात नव्या पेठेत पाणपोई लागते तेव्हा फ्लेक्स पाणपोईच्या तिप्पट मोठा असतो, त्यावर नऊ चेहरे, आणि खाली दोन कळशा, त्यातली एक रिकामी. आणि सरकारी ऑफिसच्या मागच्या एका लिंबाखाली, पोत्यानं गुंडाळलेला एक रांजण असतो, पोतं कायम ओलं, वर ओगराळं, शेजारी विटेवर पालथा घातलेला ग्लास. मी रोज तिथून जायचो. पंधरा वर्षांत तो रांजण भरताना मी कुणाला पाहिलं नाही. एकदा मुद्दाम पहाटे गेलो. रांजण भरलेला होता. पोतं थंडगार.

या सगळ्यात मला बिडीवाली अक्का आठवत राहिली. आता समोरच्या घरात तिची सून असते. अक्का जाऊन सहा वर्षं झाली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी अक्काच्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसायच्या. पाला भिजवून फडक्यात, कात्री, पत्र्याचं माप, तंबाखूचा ढीग. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. बोटं इतकी झरझर चालायची की बोलणं आणि वळणं ही दोन वेगळी माणसं करतायत असं वाटावं. दिवसाला हजार वळल्या तर मजुरी. त्या हजारातल्या कारखान्यावर तपासणारा किती बाजूला टाकेल याचा भरवसा नाही. पाला किडका निघाला तर भरपाई आपली. ओट्यावर नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. हात बसला नव्हता, घरी सासू होती, सासूला हजार हवे होते. चार वाजत आले की ती मुलगी सूपाकडे बघायची आणि ओठ आवळायची. मी पायरीवर गोट्या खेळत होतो, त्यामुळं ओट्याच्या उंचीला माझं डोकं होतं, आणि म्हणून मला दिसलं. अक्का तंबाखू घ्यायला म्हणून वाकली आणि तिच्या हातातली बिड्यांची मूठ त्या मुलीच्या सूपात सांडली. परत वाकली. परत एक मूठ. तोंडानं तिचं चालूच होतं, कुणाच्या तरी जावयाबद्दल तेलुगूत काहीतरी, बायका हसत होत्या. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

ती रागावली नाही, हसलीही नाही. नुसती बघत राहिली, आणि मग तिनं मला "जा, दुकानातून दोरा आण" म्हणून पिटाळलं. दोरा तिच्याकडे भरपूर होता.

संध्याकाळी अक्काच्या कमी भरल्या. तिचा नवरा तेव्हा गिरणीत होता आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात त्याचा आवाज वाढायचा. तो त्या संध्याकाळी वाढलेला मी आमच्या घरातून ऐकला. आईला सांगावं असं मला फार वाटत होतं. सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. बहुतेक अक्काच्या त्या बघण्यामुळं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिताना थोडं चोरट्यासारखं वाटतंय. अक्का असती तर तिनं मला पुन्हा दोरा आणायला धाडलं असतं.

ती मुलगी आज आजी झालीय, गल्लीतच राहते. तिला हे माहीत असेल का? तेव्हा तरी नव्हतं. तिला वाटायचं आपला हात बसला. आणि महिन्याभरात तो खरंच बसला.

असो. बॅरलांवर येतो.

तिसऱ्या दिवशी मी खुंटीवरचा पाइप काढला तेव्हा कळलं. आमच्या पाइपाचं तोंड फाटलेलं आहे. नळाला लावला की दाबानं निसटतो आणि सगळी गल्ली भिजते. मी त्याला वायर गुंडाळतो, दोन मिनिटांत ती ढिली होते, ही माझी ठरलेली कथा. आता त्या फाटलेल्या तोंडाशी वायरीऐवजी सूत होतं. जाड चादरीचं सूत, नऊ-दहा वेढे, एकाला एक चिकटून, मधे तसूभर फट नाही. आणि ते सूत दोन रंगांचं होतं, अर्धं मोरपंखी, अर्धं डाळिंबी. एक तुकडा पुरला नसेल म्हणून दोन जोडलेले. जोडाची गाठ शोधायला मला चष्मा लावावा लागला. तांदळाच्या दाण्याएवढी, चपटी, टोकं दोन्ही बाजूंनी बारीक कातरलेली. नखानं उकलायला गेलो तर उकलेना. पाण्यानं ओली होऊन ती आणखी आवळली होती.

ही गाठ मी ओळखतो. या भागात वाढलेला कुणीही ओळखेल. शाळेतून येताना मागांच्या शेडपाशी आम्ही उभे राहायचो. आत असा खडखडाट की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे, हवेत कापसाचे तंतू, विणकरांच्या भुवयांवर पांढरी लव. धोटा इकडून तिकडं धावत असतो, आणि मधेच ताण्यातला एखादा धागा तुटतो. हजारो धाग्यांतला एक. तुटला तरी माग थांबत नाही, कापड विणलं जातच राहतं, फक्त त्या जागी एक उभी रेघ, केसाएवढी रिकामी, चादरभर जाते. विणकरानं ती बघितली पाहिजे. आणि बघून माग थांबवला पाहिजे. थांबलेल्या मागाची मजुरी मिळत नाही, मजुरी नगावर. तरी तो थांबवतो, ताण्यात हात घालतो, तुटलेली दोन टोकं चाचपून शोधतो, बोटं ओठांना लावून ओली करतो, अंगठ्यावरून वेढा घेतो, आणि एक गाठ, डोळ्याचं पातं लवायच्या आत. ती चपटीच हवी, जाड झाली तर फणीत अडकून पुन्हा तुटते. टोकं दातांनी कुरतडतो आणि माग सुरू. तयार चादर अंगावर घेणाऱ्याला ती गाठ कधीच सापडत नाही. सापडली तर विणकर कच्चा. तात्यांनी मला एकदा सांगितलं होतं, रात्रपाळीला मालक नसतो, मुकादम झोपलेला असतो, तेव्हा धागा तुटला की माणूस कळतो. तात्या असलं वाक्य टाकून लगेच तंबाखू मळायला लागतात, त्यामुळं ते बोलले की नाही अशी शंका येते.

मी पाइपाचा तो तुकडा तसाच घेऊन तात्यांकडे गेलो. म्हटलं, ही गाठ शिकवा. त्यांनी घरातून सुताचे दोन तुकडे आणवले, डोळे मिटले आणि बोटं हलवली. गाठ तयार. "परत," मी म्हणालो. परत केली. मी करायला गेलो तर टोक निसटलं, चार वेळा निसटलं. ते म्हणाले, "सोड. नोटा मोजायचे हात आहेत तुझे."

"तात्या, ही गाठ आपल्या गल्लीत कुणाकुणाला येते?"

"कुणाला येत नाही ते विचार." त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. ते स्वतः, त्यांचे दोन्ही भाऊ, अक्काचा मुलगा, कोपऱ्यावरच्या आजीचा नवरा असता तर तो, मशिदीमागचे दोघे, आणि आमचे शेजारी, ते तर टेरीटॉवेलच्या मागावर तीस वर्षं. माझा एकुलता एक धागा असा सगळ्या गल्लीत वाटला गेला. मग मी रंगाबद्दल विचारलं. मोरपंखी आणि डाळिंबी. तात्यांनी पाइप डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, सुतावरून अंगठा फिरवला. एक क्षणभर त्यांनी मान वळवून गल्लीकडं, आमच्या घराच्या दिशेनं, की आमच्या शेजारच्या घराच्या दिशेनं, बघितलं. तिथून दोन्ही एका रेषेत येतात.

"जुनं सूत आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे. राहू दे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगांची चटणी कुटत होती. मला म्हणायचं होतं की हे शेजाऱ्यांचं काम असलं तर काय करायचं? दोन वर्षं मी त्या माणसाबद्दल काय काय बोललोय, लोकांना सांगितलंय, ते सगळं आता कुठं ठेवायचं? आणि त्यांचं नसलं तर? तर मी उगीच मऊ पडलो. खरं सांगतो, त्यांचं नसावं असंच मला वाटत होतं. माणसाला राग सोडून देणं परवडत नाही, इतकी गुंतवणूक झालेली असते त्यात. बायकोनं उखळातली चटणी बोटावर घेऊन चाखली, मीठ टाकलं आणि म्हणाली, "असतील तर असू देत की. तुम्हाला पावती फाडायचीय का?"

त्याच रात्री नळ आला. पावणेतीन वाजले होते. आधी कोपऱ्यावरून "नीर बंदाव", मग कुणाच्या तरी बादलीच्या कडीचा आवाज, मग सगळी गल्ली. मी बाहेर आलो. उकाडा तसाच, लिंबाचं पानही हलत नव्हतं. पाइप नळाला लावला. वायर शोधायला हात गेला आणि आठवलं. नळ पूर्ण सोडला. पाइप फुगला, थरथरला, आणि राहिला. एक थेंब बाहेर नाही. पहिलं पाणी गढूळ येतं, ते बादलीत धरून तुळशीला घातलं. मग पाइप बॅरलमध्ये सोडला आणि धारेचा आवाज ऐकत उभा राहिलो, रिकाम्या बॅरलमध्ये आधी पोकळ, मग हळूहळू भरदार होत जाणारा.

भिंतीपलीकडं दिवा लागला. चपलांचा आवाज, खाकरणं, बादली टेकवल्याचं. मग तिकडून आवाज आला.

"आलं का?"

मला विचारलं की गल्लीला, की घरातल्या कुणाला, ते कळायला मार्ग नव्हता. मी भिंतीकडं बघितलं. दिव्याच्या उजेडात पलीकडच्या डोक्याचा फक्त वरचा भाग दिसत होता, पांढरे केस, झोपेतून उठल्यासारखे विस्कटलेले.

"आलं," मी म्हणालो.